गावची देवराई किंवा तळं 'जैवविविधता वारसा स्थळ' व्हावं यासाठी: प्रस्ताव कोणी द्यायचा, कागद कोणते?

जैवविविधतेच्या दृष्टीनं महत्त्वाची जागा 'वारसा स्थळ' म्हणून जाहीर करण्याचा अधिकार राज्य सरकारचा. जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 37 प्रमाणे सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राजपत्रात अधिसूचना काढतं. पण राखण शेवटी गावालाच करायची असते, म्हणून सुरुवातही गावातून व्हावी असं मला मनापासून वाटतं. तशी वाट आहेच. ग्रामसभा, पंचायत किंवा गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती जागा सुचवू शकते. एकट्या व्यक्तीनं आधी समितीकडे लेखी अर्ज द्यावा. समिती कलम 41 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत असायलाच हवी. ती कागदावरच असेल, तर आधी तिची बैठक लावून घ्या.

जागा मोठी असण्याची अट नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराजवळ माशाची नवी प्रजाती सापडली आणि 2021 मध्ये तिथली जेमतेम 2.11 हेक्टर जागा वारसा स्थळ झाली. दुर्मीळ किंवा फक्त तिथेच आढळणाऱ्या प्रजाती, जुनी देवराई, पिकांचे पारंपरिक वाण, यांपैकी काही ठळकपणे असलं तर प्रस्ताव टिकतो. 'झाडी दाट आहे' एवढ्यावर टिकत नाही.

प्रस्तावाला ग्रामसभेचा ठराव, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, गट नंबरसह सातबारा, हद्द दाखवणारा नकाशा, प्रजातींची यादी आणि फोटो जोडा. लोक जैवविविधता नोंदवहीतली, म्हणजे गावातल्या सजीवांची आणि त्यांबद्दलच्या लोकांच्या माहितीची जी नोंद समिती ठेवते तिच्यातली, त्या जागेची पानं तर हवीतच. नोंदवही अर्धवट असेल तर घाई करू नका. गावातल्या जाणत्या माणसांना, विशेषतः रानभाज्या आणि औषधी ओळखणाऱ्या बायकांना, सोबत घेऊन ऋतूनुसार नोंदी करा. जमीन वनखात्याची किंवा देवस्थानाची असेल तर त्यांचं म्हणणं लेखी घ्या.

मग प्रस्ताव नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवा. मंडळ छाननी करून सरकारकडे शिफारस करतं.

ठरावाच्या सभेत एक प्रश्न हमखास येतो: "आमची गुरं, आमची जत्रा बंद होणार का?" राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की लोकांनी स्वतःहून ठरवलेल्या बंधनांखेरीज चालत आलेल्या वहिवाटीवर बंधन नको. कोणाचं आर्थिक नुकसान झालंच, तर भरपाई किंवा पुनर्वसनाच्या योजनेची तरतूद कलम 37 मध्येच आहे. हे दोन्ही मुद्दे सभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.