शहाबादी मागितली, कोटा आला

"मावशी, शहाबादीच आहे ही. राजस्थानची शहाबादी."

माझ्या मावशीनं सांगलीच्या घराच्या मागच्या अंगणासाठी शहाबादी फरशी सांगितली होती. टेम्पोतून उतरली ती हिरवट-निळी, घोटलेली, चारही कडा यंत्रावर कापलेली फरशी. फरशीवाला फसवत होता असं मला आजही वाटत नाही. आपल्याकडे 'शहाबादी' हे कर्नाटकातल्या शहाबाद गावावरून पडलेलं नाव आहे हेच लोक विसरलेत. दगडाची सपाट लादी म्हणजे शहाबादी, मग ती कुठूनही येवो. त्याच्या लेखी ती खरोखरच राजस्थानातून आलेली शहाबादी होती. पण राजस्थानातून येतो तो कोटा. मावशीनं दिसायला सुंदर म्हणून तो अंगणात बसवून घेतला, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यावरून घसरून मनगट मोडून घेतलं. तेव्हापासून घर बांधणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला मी या दोन दगडांमधला फरक सांगत आले आहे.

गोंधळ होण्यासारखं त्यांच्यात पुष्कळ आहे. दोन्ही चुनखडक. दोन्ही फार जुन्या काळी पाण्याखाली थरावर थर साचून तयार झालेले, त्यामुळे दोन्ही खाणीतून पापुद्र्यांसारखे सपाट सुटतात. फरशी होण्यासाठी दगडाला हाच गुण लागतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण कितीही टणक असला तरी त्याच्यात हा गुण नाही. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. फोडला की त्याचा गोटा होतो, चिरा होतो, पायरी होते, पण दोन बोटं जाडीची मोठी लादी सहज सुटत नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच काळ्या खडकावर वसला आहे. म्हणून देवळं आणि किल्ले आपण आपल्या दगडात बांधले, आणि घरातली जमीन मात्र पिढ्यान्पिढ्या शेणानं सारवली.

लादी मिळायला लाव्ह्याची हद्द ओलांडावी लागते. भीमाशंकरला उगवणारी भीमा पंढरपूर करून कर्नाटकात उतरते, आणि कलबुर्गीच्या पुढे काळ्या खडकाखालचा जुना चुनखडक उघडा पडतो. भूवैज्ञानिक त्या थरांना भीमेचंच नाव देतात. शहाबाद तिथलं. सोलापूरपासून ते दीडशे किलोमीटरच्या आत आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1860 मध्ये सोलापूरला आणि 1871 मध्ये रायचूरला पोचला, आणि शहाबाद नेमकं त्या मार्गावर पडलं. मग ही फरशी सोलापूर, पुणे, मुंबईपर्यंत सुखानं येऊ लागली. वाड्यांचे चौक, चाळींचे व्हरांडे, शाळांचे वर्ग, सगळीकडे ती पसरली. त्या भागातून रेल्वेनं जाताना खिडकीबाहेर बघा: शेताच्या बांधावर कुंपण म्हणून फरश्याच उभ्या रोवलेल्या दिसतात.

कोटा येतो कोटा जिल्ह्यातल्या रामगंज मंडीच्या आणि शेजारच्या झालावाडच्या खाणींतून. भूवैज्ञानिक ज्यांना विंध्य म्हणतात त्या थरांतला हा चुनखडक. रामगंज मंडी मुंबई-दिल्ली लोहमार्गावर आहे, म्हणजे इथेही दगडाला रेल्वेनंच गिऱ्हाईक मिळवून दिलं. सरकारी कचेऱ्या, दवाखाने, इमारतींचे जिने, कितीतरी स्टेशनांचे फलाट, जिथे रोज हजारो पाय पडतात तिथे कोटा दिसतो. तो इतका सवयीचा झालाय की आपण त्याच्याकडे बघतही नाही. खरं तर एखाद्या जुन्या दवाखान्याचा रोज पुसून पुसून आरशासारखा झालेला कोटा बघितला, तर घरात चकचकीत टाइल घालण्याआधी माणूस दोनदा विचार करील.

आता फरक ओळखायचा कसा? कोरड्या फरशीवर धूळ असताना दोन्ही राखाडीच दिसतात, म्हणून दुकानात गेल्यावर आधी तांब्याभर पाणी मागावं आणि फरशीवर ओतावं. ओला कोटा गडद हिरवट-निळा होतो. त्याची तपकिरी जातही मिळते, पण आपल्याकडे जास्त खपतो तो हिरवटच. शहाबादी ओली झाली तरी राखाडी, फार तर निळसर किंवा पिवळट राखाडी राहते, आणि एकाच ढिगात दोन-तीन छटा निघतात. मग कड बघावी. खाणीतून सुटलेली शहाबादी एका जाडीची नसते. एक फरशी इंचभर, शेजारची दीड इंच, आणि वरचा पृष्ठभाग किंचित लाटा आल्यासारखा. कोट्याचे थर जास्त घट्ट आणि एकसारखे असतात. तो बावीस बाय बावीस इंचांच्या सारख्या मापात, जवळजवळ सारख्या जाडीत येतो. तिसरी खूण हाताची. डोळे मिटून तळवा फिरवा. शहाबादीवर तो अडखळतो, कोट्यावर सरकतो.

घरगुती लिंबाची परीक्षा इथे कामाची नाही. लिंबू पिळलं की चुनखडक बारीक फेस धरतो, आणि हे दोन्ही दगड फेस धरतात. त्यानं फार तर ग्रॅनाइट वेगळा निघेल. खरी पंचाईत पॉलिश केलेल्या शहाबादीची होते. मशीनवर कापून घासलेली शहाबादी कोट्याच्या शेजारी ठेवली तर गवंडीसुद्धा क्षणभर थांबतो. तेव्हा पॉलिश न झालेली खालची बाजू उलटून बघणं एवढाच खात्रीचा उपाय.

(काळीकुळकुळीत लादी दिसली तर ती या दोन्हींतली नव्हे. तो कडाप्पा, आंध्रातल्या कडपा जिल्ह्याचा. स्वयंपाकाचा ओटा, मांडणीची फळी, खिडकीची चौकट ही त्याची कामं. जमिनीसाठी तो मी कुणाला सुचवणार नाही.)

घरासाठी निवडताना लोक पहिला प्रश्न भावाचा विचारतात. साधारणपणे शहाबादी स्वस्त पडते, आणि सोलापूर-लातूरकडे तर वाहतूक कमी म्हणून आणखी स्वस्त. पण हा हिशेब अर्धा आहे. कमी-जास्त जाडीच्या फरशीखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर जाड घालावा लागतो, एकेक फरशी ठोकून लेव्हलला आणायला गवंड्याचा वेळ जातो, आणि मजुरी वाढते. फरशीवाल्याकडून ब्रासचा, म्हणजे शंभर चौरस फुटांचा, भाव घ्यावा आणि गवंड्याकडून बसवण्याचा. दोन्ही मिळवूनच तुलना करावी.

माझ्या मते निवड खोलीवरून व्हावी. जिथे पाणी पडतं, ऊन पडतं, चपला फिरतात, तिथे खडबडीत शहाबादी: अंगण, तुळशीभोवतीची जागा, गाडी लावायची जागा, मोरी, मागचं धुणं-भांड्यांचं आवार. तिच्या लाटा पावलाला धरून ठेवतात. रंग फिकट असल्यानं ती काळ्या दगडाइतकी तापत नाही, आणि पॉलिशच नसल्यानं पॉलिश उडायचा प्रश्न येत नाही. उघड्यावर घातलेला घोटीव कोटा दोन-तीन वर्षांत पांढुरका पडतो. घसरणं तर मावशीनं भोगलंच. बाहेर कोटाच हवा असेल तर तो न घोटलेला घ्यावा.

आतल्या खोल्यांत मात्र मी कोट्याच्या बाजूनं आहे. आपल्या घरात माणूस अजून जमिनीवर बसतो. भाजी निवडायला, पत्ते खेळायला, श्रावणात पंगत मांडायला, मे महिन्यात दुपारी नुसतं आडवं व्हायला. अशा वेळी अंगाला लागणारी जमीन सपाट आणि गार हवी. दगड गार लागतो तो स्वतः थंड असतो म्हणून नव्हे. तो खोलीइतक्याच तापमानाला असतो, पण अंगातली उष्णता लाकडापेक्षा भराभर ओढून घेतो. हा गुण दोघांतही सारखा आहे. फरक एवढाच की शहाबादीवर तासभर बसलं तर तिची प्रत्येक उंची मांडीला समजते, आणि तिच्या खोलगट दर्जांत, म्हणजे दोन फरश्यांमधल्या फटींत, साचलेली कणीक आणि साखर काढायला सुई घेऊन बसावं लागतं. लहान मूल रांगत असेल तर कोटाच.

कोट्याचं सगळं सौंदर्य बसवल्यानंतरच्या घासण्यात आहे. फरशी बसवून, दर्जा भरून, मसाला पुरता वाळू द्यावा. मग मशीननं आधी जाड दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक असे हात फिरवतात. सगळ्या फरश्या जागेवर एकदम घासल्या जात असल्यानं सांधे बोटाला लागत नाहीत, सारी खोली एका शिळेतून काढल्यासारखी होते. दुकानातून आधीच पॉलिश होऊन आलेल्या फरशीत ही मजा नाही. आठ-दहा वर्षांनी चमक गेली की पुन्हा घासून घ्यावी, जमीन नवी होते. टाइल उजळता येत नाही, बदलावीच लागते. घासताना घरभर राडा होतो हे खरं आहे, म्हणून हे काम रंगकामाच्या आधी उरकावं.

जपायचं ते एका गोष्टीपासून, आणि ते दोघांनाही लागू आहे: आम्ल. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला गवंडी ॲसिड ओततो, तेव्हा डागासोबत दगडाची वरची कातडीही निघते आणि तिथे पांढुरका चट्टा राहतो. संडास धुवायचं द्रव बाहेरच्या फरशीवर सांडलं तरी तेच. चिंचेचा कोळ, लिंबू, व्हिनेगर, सोलकढी यांचे थेंब लगेच पुसावेत. रोजच्या पुसण्याला साधं पाणी पुरतं, फार तर थोडा सौम्य साबण.

दुसरा शत्रू धूळ. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहसच्या मोजपट्टीवर चुनखडकातलं कॅल्साइट 3 वर येतं, तर वाळूतला क्वार्ट्झ 7 वर. चपलेला चिकटून आलेला वाळूचा कण कोट्यावर पटाशीसारखा चालतो. दाराशी एक जाड काथ्याचं पायपुसणं आणि दारातच चपला काढायची आपली रीत, एवढ्यानं पॉलिशचं आयुष्य कितीतरी वाढतं.

वर काय अंथरावं, हेही बघून ठरवावं. थंडीत दगडी जमीन म्हाताऱ्या गुडघ्यांना सोसत नाही. त्यावर मोठ्या विणीची जाड सुती सतरंजी घालावी. ती उचलून झटकता येते, धुता येते, आणि खालच्या दगडाला वारा लागतो. पाठीला रबर लावलेले गालिचे आणि मॅट मात्र दगडावर कायमचे टाकू नयेत. दगड खालची ओल वर सोडत असतो. ती रबराखाली अडकते, आणि वर्षभरानं गालिचा उचलला की त्याच्या मापाचा डाग जमिनीवर उमटलेला असतो. शहाबादीवर तर अशा कोंडलेल्या ओलीनं पापुद्रे सुटायला लागतात. कोकणात, किंवा तळमजल्याच्या घरात, भिंतीला लोणा लागत असेल तर आधी ओलीचा बंदोबस्त करावा. तोवर कुठलीच दगडी फरशी टिकणार नाही.

मावशीच्या अंगणातला कोटा उखडून काढायचा विचार झाला होता. पण बसलेली फरशी काढताना निम्मी तुटते, आणि मावशीला तो रंग आवडला होता. शेवटी तिनं पाट्याला टाकी लावून देणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या दोन दिवस उकिडव्या बसून छिन्नी-हातोडीनं त्या अंगणभर फरशीला टाकी लावत होत्या. मोरीपासून तुळशीपर्यंत बारीक बारीक टिंबं उठली. चमक गेली, हिरवा रंगही फिका झाला, पण पाऊस पडून गेल्यावर मावशी आता त्या अंगणात अनवाणी चालते.