टाइल्स लावल्या म्हणजे बाथरूम वॉटरप्रूफ झालं?

बाथरूम नव्याने करायला घेतलं की हमखास ऐकू येतं: ‘चांगल्या टाइल्स घ्या, सांध्यांत व्हाइट सिमेंट भरा, पाणी मुरणार नाही.’ हे चूक आहे. टाइलमधून पाणी जात नाही हे खरं, पण सांध्यातलं व्हाइट सिमेंट सच्छिद्र असतं आणि डाग काढायच्या ॲसिडने ते झिजतही जातं. तिथून पाणी खाली उतरतं, बाहेरच्या भिंतीला पोपडे धरतात, खालच्या घराच्या छताला ओल येते.

पाणी अडवतो तो टाइलखालचा थर. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात आधी सिमेंट-वाळूच्या मसाल्याची गोलाई काढावी. त्यावर पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे (पाणी अडवणाऱ्या लेपाचे) दोन हात: पहिला आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. भिंतीवर किमान १ फूट, शॉवरपाशी ६ फुटांपर्यंत. गळतीची खरी जागा म्हणजे नहाणी ट्रॅपची, म्हणजे जमिनीवरचं पाणी बाहेर नेणाऱ्या तोंडाची, कड. प्लास्टिकचा पाइप गुळगुळीत, त्याला मसाला नीट धरत नाही. तिथे कोटिंगमध्ये फायबरची जाळी दाबून बसवा. मग ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी साठवा आणि खालचं छत पाहा. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. ती होईपर्यंत टाइल्सचे खोके उघडूच देऊ नका.

जमिनीचा ट्रॅपकडे उतार दर मीटरला किमान १ सेंटिमीटर. सांध्यांत व्हाइट सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट (रेझिनचं भरण) जरूर भरा, डाग कमी पडतात. पण कोटिंगची जागा ते घेत नाही.