काळ्या सायकलीची चेन: अर्धा इंच आला कुठून

सध्या कोकणात जुन्या काळ्या सायकली बाहेर काढायचं वेड आलंय. पडवीत नाहीतर लाकडाच्या खोपीत वर्षानुवर्षं पडून असलेली आजोबांची सायकल, मुंबईचा नातू गणपतीला येतो, ती बघतो आणि म्हणतो रिस्टोर करूया. मग पहिला खर्च रंगावर, दुसरा सीटवर, आणि चेन काय, दुकानात मिळेल ती. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. रंग नंतर कधीही मारा, आधी चेन समजून घ्या, कारण ही सायकल अशी का आहे याचं उत्तर तिथेच आहे.

स्वित्झर्लंडहून मँचेस्टरला आलेला हान्स रेनॉल्ड, त्याने तिथला एक छोटा कारखाना विकत घेतला होता जो कापड गिरण्यांच्या मशिनींसाठी चेना बनवायचा, आणि १८८० मध्ये त्याने बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. पिनवर बुश म्हणजे बारीक नळी, बुशवर फिरणारा रोलर, त्यामुळे चाकाचा दात थेट पिनवर घासत नाही. (म्हणजे गिरणीशी नातं नुसतं आपल्या चाकरमान्यांचं नाही, आपल्या सायकलचंही!) त्याआधी उंच सायकल होती, पुढच्या मोठ्या चाकालाच पायडल, चाक जेवढं मोठं तेवढा स्पीड, आणि माणसाच्या तंगडीपेक्षा चाक मोठं करता येत नाही. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली, मागच्या चाकाला चेन, दोन्ही चाकं जवळपास सारखी, आणि तिथून पुढे सायकलचा आकार फारसा बदललाच नाही. पिच म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर. सुरुवातीला चेना एक इंच पिचच्याही होत्या, पण शेवटी टिकला तो अर्धा इंच, १२.७ मिमी. आज बारा गिअरच्या महागड्या सायकलची चेनसुद्धा याच पिचची असते.

त्या उंच चाकाचा हिशोब अजून मागे लागलाय. गिअर आजही इंचात मोजतात, म्हणजे तेवढाच स्पीड द्यायला उंच सायकलचं चाक किती इंची लागलं असतं ते. आपल्या काळ्या सायकलला पुढे साधारण ४४ किंवा ४८ दात, मागे फ्रीला (फ्रीव्हील, मागची दातेरी चकती) १८, चाक २८ इंची. ४८ भागिले १८ गुणिले २८, आले जवळपास ७५ इंच, म्हणजे सव्वासहा फूट उंच चाकावर बसल्यासारखं. सपाट रस्त्याला ठीक आहे, आपल्याकडे सड्यावर पण मजेत चालते, पण सडा संपला आणि घाटी लागली की आजोबा काय करायचे? उतरायचे आणि ढकलत न्यायचे. त्यांची ताकद कमी नव्हती हो, गिअर इंग्लंडातल्या रस्त्याचा होता.

दुसऱ्या महायुद्धाआधी बहुतेक सायकली तिकडूनच यायच्या, रॅले, बीएसए, हंबर वगैरे. इथे बनणं मोठ्या प्रमाणात सुरू झालं ते स्वातंत्र्याच्या आसपास, मुंबईत वरळीला हिंद सायकल्स त्याच्या आधीपासून होतीच, मग मद्रासला टीआय १९४९, सोनीपतला ॲटलास १९५१, आसनसोलला सेन-रॅले, लुधियानाला हिरो १९५६. हिंद आणि सेन-रॅले दोन्ही डबघाईला आल्या आणि १९८० च्या कायद्याने एकत्रच सरकारजमा झाल्या. पण सगळ्यांनी बनवली ती तीच इंग्रजी रोडस्टर, म्हणजे आपली काळी सायकल. गावाला ती आली एसटीच्या टपावरून नाहीतर बोटीने, आणि पोस्टमन, पाववाला, मासेवाला, मास्तर सगळ्यांनी तीच हाणली.

कुठली आहे ते ओळखायचं तर रंगावर जाऊ नका, तो कितीदा मारलेला असतो कोण जाणे. चेनव्हील, म्हणजे पायडलजवळची पुढची दातेरी चकती, बघा. गंज खरवडला की अक्षरं दिसतात, बीएसएच्या चेनव्हीलमध्ये बी, एस, ए कापलेली असतात, आणि जुन्या रॅलेला तीन बगळ्यांच्या मुंड्या. विलायती रॅले निघाली तर जपून, तिच्या बॉटमचे (पायडलचा दांडा फिरतो त्या नळीचे) आटे इंचाला २६, बाकीच्यांचे २४, जबरदस्तीने दुसरी बेअरिंगची वाटी बसवायला गेलात तर फ्रेमच गेली.

आता रुंदीकडे या, खरा घोळ इथे आहे. पिच तोच राहिला पण चेन बारीक होत गेली. सिंगल गिअरची चेन आतून १/८ इंच. गिअरवाल्या आल्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या डिरेलरला टूर द फ्रान्समध्ये परवानगीच मिळाली १९३७ मध्ये) तेव्हा मागे जास्त चकत्या मावायला हव्यात म्हणून ३/३२, आणि नऊ गिअरच्या पुढे अजून बारीक. शिवाय १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच सेडिस कंपनीने वेगळा बुशच काढून टाकला, चेन आडवी वाकायला लागली, गिअर पटकन पडायला लागले. गिअरवाल्याला हे उत्तम, आपल्या सायकलला याचा उपयोग शून्य. जाड चेन बारीक दातावर चालते, बारीक चेन जाड दातावर बसतच नाही, वर चढून कडकड वाजते. तरी लोक आठ गिअरची चेन आणतात, का तर चकचकीत दिसते. साधी १/८ घ्या, निकेल केलेली मिळाली तर फारच छान.

निकेल का म्हणाल तर आपली हवा. खाऱ्या वाऱ्यात आणि पावसात उघडी चेन दोन रात्रीत तांबडी होते, आणि उन्हाळ्यात जांभ्याची धूळ तेलात कालवली की तिचा पॉलिश पेपर होतो. इंग्रजांनी पूर्ण चेनकव्हर दिलं होतं ते त्यांच्या चिखलासाठी, कामाला आलं आपल्या. आणि रिस्टोर करताना लोक पहिलं तेच काढून टाकतात, लूक मोकळा दिसतो म्हणे! ठोकून सरळ करा, रंगवा, पण लावा. खोबरेल घालू नका, चिकट होऊन बसतं.

जुनी चेन ठेवायची की नाही ते फूटपट्टीने कळतं. चेन ताणून एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर यायला हवी. १/१६ पुढे गेली तर चेन बदला, १/८ गेली तर फ्रीचे दातही खाल्लेत, दोन्ही बदला, नाहीतर नवी चेन जुन्या दातांवर उड्या मारणार. फ्री बदलणारच असाल तर १८ ऐवजी २२ दातांची बघा, ७५ चे ६१ इंच होतात, चेनला एक जोडी लिंक जास्त लागते किंवा चाक थोडं पुढे सरकवून भागतं. फ्री उघडून आतली कुत्री (दात अडकवणारे छोटे खटके) मात्र बघून घ्या, त्यांची स्प्रिंग गंजलेली असेल तर चढावर पायडल एकदम मोकळं सुटतं आणि गुडघा हँडलवर आपटतो.