नॅनोसेल्युलोज: तंतू वेगळे, स्फटिक वेगळे

कागदावर सर्किट छापण्याबद्दल काहीही वाचायला घ्या, ‘नॅनोसेल्युलोज’ हा शब्द भेटतोच. त्या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू खपून जातात: नॅनोतंतू, म्हणजे सीएनएफ, आणि नॅनोस्फटिक, म्हणजे सीएनसी. दोन्ही लाकडाच्या लगद्यातून किंवा कापसातून निघतात. दोन्हींचं मूळ रसायन एकच, सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजची लांबलचक साखळी. तरी एकाच्या जागी दुसरं घेतलं तर काम फसतं.

त्याआधी, साधा कागद का पुरत नाही? काही कामांना पुरतो. लिस्बनच्या नोव्हा विद्यापीठात एल्विरा फोर्तुनातो आणि रॉद्रिगो मार्तिन्स यांच्या गटाने २००८ मध्ये कागदी ट्रान्झिस्टर केला, त्यात कागद हा आधारही होता आणि विद्युतरोधक थरही. पण कागदातले तंतू मायक्रॉनांत मोजण्याइतके जाड असतात आणि मधे पोकळ्या राहतात. चांदीची शाई त्यांत झिरपते, बारीक रेष तुटते. म्हणून तंतूच्या आत शिरायचं.

लाकडाचा एक तंतू म्हणजे हजारो सूक्ष्म तंतूंची जुडी. त्या प्रत्येकात काही भाग घट्ट, शिस्तीत रचलेला आणि काही भाग सैल असतो. जुडी सोडवून लांब धागे तसेच ठेवले की सीएनएफ. तीव्र सल्फ्युरिक आम्लात सैल भाग विरघळवून फक्त घट्ट तुकडे ठेवले की सीएनसी. एक शेवयांचा गुंता, दुसरा शेवयांचा चुरा.

जुडी सोडवणं सोपं नव्हतं. १९८० च्या आसपास अमेरिकेत लगदा प्रचंड दाबाने बारीक फटीतून पुन्हा पुन्हा ढकलून हे साधलं, पण वीज अफाट लागायची. टोकियो विद्यापीठात अकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांनी ‘टेम्पो’ नावाचा उत्प्रेरक वापरून तंतूंच्या पृष्ठभागावर ऋण भार आणला. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे तीन-चार नॅनोमीटर जाडीचे धागे थोड्याशा ढवळण्याने सुटे होऊ लागले. या कामाला २०१५ चा मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. स्फटिकांची गोष्ट त्याहून जुनी आहे: स्वीडनमध्ये बेंग्ट रॅन्बी यांनी १९५० च्या सुमारासच आम्लाने ते वेगळे केले होते. तिथेही आम्लातले सल्फेट गट चिकटून भार देतात. मात्र याच गटांमुळे सीएनसी तापवताना लवकर काळवंडतं.

आता खरा फरक. सीएनएफचे धागे एकमेकांत गुंततात, म्हणून वाळल्यावर चिवट, लवचिक पत्रा मिळतो. धागे प्रकाशाच्या तरंगलांबीहून खूपच बारीक आणि मधल्या पोकळ्या दाबून काढलेल्या, त्यामुळे तो पारदर्शकही होतो. तापल्यावर प्लॅस्टिकच्या मानाने फारच कमी फुगतो. छापलेली सर्किटं तापवावी लागतात, तेव्हा हा गुण मोलाचा ठरतो. सीएनसीचे तुकडे जेमतेम शंभर-तीनशे नॅनोमीटर लांब. त्यांना गुंतायला लांबीच नाही. नुसत्या सीएनसीची पातळ फिल्म वाकवली की तडकते. पण वाळताना हे तुकडे पिळदार थरांत आपोआप रचले जातात आणि रंगद्रव्याशिवाय मोरपंखी झाक देतात. ओलावा वाढला की थरांतलं अंतर बदलतं, रंगही बदलतो. आर्द्रतेचा सेन्सर करायला हे आयतंच.

म्हणून वाटणी अशी पडते. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या झेनच्यांग मा यांच्या गटाने २०१५ मध्ये चिपचा आधार केला तो सीएनएफचा. वर इपॉक्सीचा लेप दिला, कारण सेल्युलोज पाणी ओढतं. बुरशीने तो आधार कुजवूनही दाखवला. ड्यूक विद्यापीठात एरन फ्रँकलिन यांच्या गटाने २०२१ मध्ये साध्या कागदावर ट्रान्झिस्टर छापला, तिथे सीएनसी होतं शाईत, विद्युतरोधक थर म्हणून. ग्राफीन आणि कार्बन नॅनोट्यूब या कार्बनच्याच दोन रूपांच्या शाया वाहकाचं आणि अर्धवाहकाचं काम करत होत्या. पत्रा हवा तर तंतू, शाई हवी तर स्फटिक. वीज मात्र दोघांतूनही वाहत नाही. ‘वीजवाहक नॅनोसेल्युलोज’ असं छापलेलं दिसलं तर त्यात कार्बन, चांदी किंवा वाहक पॉलिमर मिसळलेलं असतं, आणि पर्यावरणाचा खरा हिशेब त्या मिसळलेल्या वस्तूचा असतो.

वाहतुकीचा हिशेबही वेगळा. सीएनएफ साधारणपणे शेकडा एक-दोन भागच घन असलेल्या जेलच्या रूपात निघतं. पूर्ण वाळवलं तर धागे असे चिकटतात की पुन्हा नीट सुटत नाहीत, म्हणजे पाणीच वाहून न्यायचं. सीएनसी योग्य क्षाररूपात वाळवून पूड म्हणून पाठवता येतं आणि पाण्यात परत विखुरतं. उद्योगाच्या दृष्टीने मला हा फरक चिवटपणापेक्षाही मोठा वाटतो.

माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था ‘सिरकॉट’ आहे. तिने नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना उभारला आहे. कापूस मुळातच घट्ट रचनेचा, म्हणून आम्लाने स्फटिक काढायला चांगला. लाकडाच्या लगद्यात मात्र हेमिसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोजसोबत असणारी आखूड, फांद्यांची शर्करा-साखळी, उरतं, ते धाग्यांना एकमेकांशी पक्कं चिकटू देत नाही, त्यामुळे तंतू सोडवायला तो सोयीचा. प्रयोगशाळांत सीएनसी बनवताना कापसाचा गाळणकागदच आम्लात टाकण्याची पद्धत आहे.