पंट कव्हरेज

पंट कव्हरेज म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये आपल्याच पंटरने लाथेने लांब उडवलेल्या बॉलमागे पळत जायचं आणि समोरच्या टीमचा जो खेळाडू तो पकडेल (रिटर्नर) त्याला फार पुढे येऊ न देता आडवा करायचं. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे असा या खेळाचा हिशोब असतो, तीन प्रयत्न वाया गेले की बऱ्याचदा चौथ्याला टीम रिस्क घेत नाही, बॉल लांब मारून मोकळी होते, म्हणजे बॉल देऊन टाकायचाच आहे तर निदान लांब नेऊन द्यावा. टीव्हीवर मॅच बघणारे याच वेळी चहा टाकायला उठतात, पण कोचला विचारलं तर तो सांगेल की एका लाथेत ४० यार्ड जमीन इकडची तिकडे होते, एवढी दुसऱ्या कुठल्या साध्या प्लेमध्ये होत नाही.

सगळा खेळ घड्याळाचा आहे. क्रिकेटमध्ये बॉल हवेत खूप उंच चढला की खाली फिल्डरला पोचायला वेळ मिळतो, तसंच इथे, बॉल जितका वेळ हवेत तितकी कव्हरेजवाल्यांना पळायला सवड, याला हँग टाईम म्हणतात. ४५ यार्ड लांब आणि साडेचार सेकंद हवेत, असा पंट प्रो लेव्हलला चांगला धरतात. स्नॅपरने बॉल मागे १५ यार्डांवर उभ्या असलेल्या पंटरकडे फेकल्यापासून लाथ बसेपर्यंत साधारण दोन सेकंद जातात. आता एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या प्रो लीगमध्ये, नियम असा की लाथ बसायच्या आधी फक्त दोन टोकांचे दोघंच पुढे पळू शकतात, त्यांना गनर म्हणतात, बाकीच्यांनी तोवर बॉल जिथून फेकला त्या रेषेवरच थांबून पंटरला वाचवायचं. म्हणजे गनरला साडेसहा सेकंद मिळतात आणि बाकीच्यांना साडेचारच. कॉलेजमध्ये हा नियमच नाही, तिथे सगळे स्नॅपबरोबर सुटू शकतात, म्हणून तिथल्या बऱ्याच टीम पंटरसमोर तिघांची भिंत उभी करतात आणि उरलेल्यांना सरळ पळवतात. त्यामुळे कॉलेजचं कव्हरेज शिकून आलेल्या पोराला एनएफएलमध्ये अर्धं नव्याने शिकावं लागतं.

पंटरने नुसतं लांब मारून भागत नाही, हे नव्या लोकांना पटायला वेळ लागतो. ५० यार्डचा पंट गेला आणि समोरच्याने १५ यार्ड परत आणला तर पदरात पडले ३५. तेच ४२ यार्डचा उंच पंट मारला, खाली दोन गनर येऊन उभे राहिले आणि रिटर्नरने गुपचूप हात हलवून फेअर कॅच घेतला, म्हणजे मी पळणार नाही मला हात लावू नका, तर पुरे ४२. कागदावर पहिला पंटर भारी दिसतो, कोच दुसऱ्यालाच खेळवेल.

आता शिकवायचं काय. माणसं अकरा: स्नॅपर, दोन गार्ड, दोन टॅकल, दोन विंग, एक पर्सनल प्रोटेक्टर (पंटरच्या पुढे उभा राहून त्याला वाचवणारा), दोन गनर आणि पंटर. बॉल उडाला की पंटर ओरडतो, लेफ्ट किंवा राईट, कारण पळणाऱ्यांची पाठ बॉलकडे असते. मग मधली मंडळी पंख्यासारखी पसरतात, स्नॅपर सरळ बॉलवर, गार्ड त्याच्या थोडे बाहेर, टॅकल अजून बाहेर, विंग सगळ्यात कडेला, त्यांच्या बाहेरून कोणी निसटता कामा नये. प्रत्येकाची आपापली गल्ली. ब्लॉकर आडवा आला तर त्याला वळसा घालायचा पण लगेच परत आपल्या गल्लीत यायचं, आणि आपल्याच रंगाच्या जर्सीमागे पळायचं नाही, कारण एका गल्लीत दोघं झाले म्हणजे शेजारची मोकळी पडली. कबड्डीत साखळीतला एक जण उतावीळपणे आधीच झेपावला की चढाईवाला त्याच फटीतून सुटतो, अगदी तीच गत.

सगळ्यात अवघड भाग पळणं नाहीच, थांबणं आहे. जीव तोडून ४० यार्ड पळत आलेला पोरगा रिटर्नरच्या अंगावर त्याच वेगात गेला की रिटर्नर नुसता एक पाय इकडे टाकतो आणि हा बाजूने सूं करून निघून जातो. म्हणून शेवटच्या पाचेक यार्डात ब्रेक लावायला शिकवतात: पावलं एकदम छोटी, पाय जमिनीवर टपटप, कंबर खाली, हात पुढे, नजर समोरच्याच्या कमरेवर, कारण खांदे आणि डोकं फसवतात, कंबर फसवत नाही. प्रॅक्टिसला कोच स्वतः बॉल घेऊन उभा राहतो, पोरं सुसाट येतात, शेवटच्या क्षणी कोच डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकतो आणि जो घसरला त्याने पुन्हा मागे जाऊन सुरुवात करायची. सुरुवातीला टॅकल करायचंच नाही, म्हणजे धरून पाडायचं नाही (टॅकल नावाची जागा वेगळी), नुसतं येऊन तोल सांभाळून उभं राहायचं. मात्र फार आधी ब्रेक लावला तरी चूक, तेवढ्यात रिटर्नरला वेग घ्यायला जागा मिळते. पहिल्या माणसाने पाडलंच पाहिजे असंही नाही, त्याने रिटर्नरला अडकवून मधल्या गर्दीकडे वळवलं तरी काम झालं. टॅकलची पद्धतही बदलली, पूर्वी डोकं समोरच्याच्या पुढ्यात घालायला सांगायचे, आता रग्बीसारखं खांद्याने आणि डोकं बाजूला, सिएटल सीहॉक्सने २०१४ मध्ये त्याचा खास व्हिडिओच काढला होता.

गनरचं दुखणं वेगळं. त्याच्यावर एक, कधी दोन ब्लॉकर सोडतात, ते त्याला रेषेपासूनच ढकलत नेतात. तो स्वतःहून मैदानाबाहेर गेला तर दंड, ढकलला गेला तर ताबडतोब आत यायचं. बफेलो बिल्सचा स्टीव्ह टास्कर हेच काम करत ७ वेळा प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मॅचला, निवडला गेला, पेट्रियट्सचा मॅथ्यू स्लेटर १० वेळा. एवढं करून स्कोअरबोर्डवर यांच्या नावापुढे काहीच लागत नाही.

गनरला शिकवतात की वर बॉलकडे बघत बसू नकोस, रिटर्नरचे डोळे बघ, तो जिकडे सरकतोय तिकडे बॉल पडणार. याच सवयीचा फायदा उठवून ऑक्टोबर २०१४ मध्ये रॅम्सने सीहॉक्सला गंडवलं. टॅव्हॉन ऑस्टिन एका बाजूला वर बघत, बॉल आपल्यावरच येतोय असं नाटक करत उभा राहिला, अख्खं कव्हरेज त्याच्याकडे धावलं, आणि खरा बॉल पलीकडच्या कडेला स्टेडमन बेलीने पकडून ९० यार्ड पळत टचडाऊन केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोल लाईनपलीकडे नेला. मॅच रॅम्सने २८-२६ जिंकली. शिकागो बेअर्सने २०११ मध्ये डेव्हिन हेस्टरला पुढे करून हीच चाल पॅकर्सवर खेळली होती, फक्त तो टचडाऊन होल्डिंगमुळे, म्हणजे समोरच्याला नियमाबाहेर धरून ठेवल्यामुळे, रद्द झाला. हेस्टरकडे बघू नका असं गनरला सांगणार तरी कसं म्हणा, पंट रिटर्नवर १४ टचडाऊन करणारा माणूस तो.

आणि कधी कधी कव्हरेजच्या हातात काही राहतच नाही. १९ डिसेंबर २०१० ला जायंट्स-ईगल्स मॅच ३१-३१, शेवटची १४ सेकंद, जायंट्सचा नवखा पंटर मॅट डॉज याला सांगितलेलं की बॉल बाहेर मार. स्नॅप उंच आला, गडबडीत पंट खालून सरळ मधोमध गेला. ईगल्सच्या डीशॉन जॅक्सनच्या हातून बॉल आधी सुटलासुद्धा, पण पंट इतका सपाट की तेवढ्यातही कोणी जवळ पोचलं नाही, त्याने उचलला आणि ६५ यार्ड पळाला, शेवटी घड्याळ संपावं म्हणून गोल लाईनच्या कडेकडेने आडवा पळून मग आत शिरला. ३८-३१. कोच टॉम कॉफलिन मैदानात जाऊन डॉजवर ओरडला ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.