छतावर सोलार बसवायचंय? आधी लाईट बिलावरचं नाव बघा

घराच्या छतावर वीज बनवणारे सोलार पॅनल बसवायला सबसिडी देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, तेव्हापासून जो तो सबसिडी किती एवढंच विचारतो, पण अर्ज अडकतो तो नावावर. लाईट बिल अजून आजोबांच्या नावावर, घरपट्टी काकांच्या आणि बँक खातं आपलं, असं गावाकडं घरोघरी असतं. म्हणून आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या, मगच अर्जासाठी योजनेचं पोर्टल (वेबसाईट) उघडा. आधार, बिल, पासबुक तिन्हीकडे स्पेलिंगसुद्धा एकच पाहिजे, एका अक्षराच्या फरकाने पैसे लटकतात.

पात्रता साधी आहे. घर आणि छत स्वतःचं, चालू वीज कनेक्शन, आणि सोलार पॅनलची सबसिडी याआधी घेतलेली नसावी. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि महिन्याला १०० ते १२० युनिट मिळतात.

सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००, पुढे कितीही मोठं बसवा तेवढेच. फ्लॅटवाल्यांच्या सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातल्या लाईटसाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात. गरम पाण्याचा सोलार हिटर मात्र यात बसत नाही, तो वेगळा खर्च धरा.

कागदपत्रं: आधार, ताजं लाईट बिल, छताच्या मालकीचा पुरावा (घरपट्टीची पावती वगैरे), पासबुक किंवा कॅन्सल चेक. पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची, मग अर्ज. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. व्हेंडर, म्हणजे पॅनल बसवून देणारा, पोर्टलच्या यादीतलाच घ्या आणि कोटेशनवर पॅनल डीसीआर, म्हणजे सेलसकट भारतात बनलेलं आहे असं लिहून घ्या, कारण स्वस्तात दुसरं पॅनल बसवलं की सबसिडी गेलीच. पाच वर्षं मेंटेनन्स व्हेंडरकडेच असतो, तेही करारात बघून सही करा. पॅनल बसलं की नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा), महावितरणची तपासणी, कमिशनिंग रिपोर्ट (प्लांट सुरू झाल्याचा दाखला), मग बँक डिटेल्स भरले की साधारण ३० दिवसांत पैसे.

एकदम एवढी रक्कम हातात नसेल तर तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांचं कर्ज विनातारण मिळतं, सरकारी बँकेत नक्की विचारा. आणि जरुरीपेक्षा मोठा प्लांट घेऊ नका, महिन्याला १५० युनिटच्या आत वापर असेल तर एक-दोन किलोवॅट भरपूर होतं.