बेसच्या भिंती आणि डेसिबलची मर्यादा : पार्श्वभूमी

दोन सारख्या ध्वनिलहरी समान कलेत भेटल्या, म्हणजे त्यांचे चढउतार एकाच वेळी जुळले, की दाब दुप्पट होतो आणि तीव्रता चौपट, म्हणजे ६ डेसिबलची भर. विरुद्ध कलेत भेटल्या तर आवाज विरतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्यतिकरणाचा हा नियम मांडला गेला. जवळच्या दोन सुरांतले ठोके, म्हणजे आवाजाची ठरावीक वाढ-घट, वादक त्याआधीपासून ऐकत होतेच.

मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीत हाच नियम काम करतो. ५० हर्ट्झच्या, म्हणजे खोल बेसच्या, लहरीची लांबी जवळपास ७ मीटर असते. त्यामुळे एकमेकांना चिकटून रचलेले बेसचे खोके समोर जवळजवळ एकाच कलेत पोहोचतात. शेजारच्या खोक्याने वाढवलेल्या दाबाविरुद्ध ढकलताना स्पीकरचा प्रत्येक पडदा जास्त ऊर्जा हवेत सोडतो. एकाचे सोळा खोके केले, तर कला जुळत नसताना १२ डेसिबलची भर पडली असती. इथे ती २४ पर्यंत जाते.

वाद आहे तो मोजणीचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा घातली, पण 'ए' भारित डेसिबलमध्ये, म्हणजे कमी वारंवारतेचा आवाज कमी धरणाऱ्या पट्टीवर. ही पट्टी १९३० च्या दशकात अमेरिकेत हलक्या आवाजांसाठी बेतली गेली. मोठ्या आवाजासाठी बेस फारसा न कापणारी 'सी' पट्टी होती. पुढे एकच आकडा सोयीचा, आणि श्रवणहानीशी त्याचा मेळ बरा बसतो, म्हणून 'ए' सर्वत्र रुजली. ती ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल वजा करते. खिडक्यांची तावदानं थरथरवणारा ११० डेसिबलचा दणका कागदावर ८० भरतो! व्यतिकरणाने जिथे आवाज सर्वाधिक वाढतो, नेमका तोच पट्टा मोजणीत सर्वाधिक कापला जातो. बेसपुरती तरी ही निवड चुकीचीच म्हणावी लागते.

अरुंद गल्लीत आणखी गुंता होतो. समोरच्या इमारतीवरून परतलेली लहर येणाऱ्या लहरीत मिसळते. भिंतीलगत दाब दुप्पट होतो, तर ५० हर्ट्झला तिच्यापासून पावणेदोन मीटरवर तो पडतो. त्यामुळे मीटर कुठे धरला यावर नोंद बदलते, आणि त्रास मात्र भिंतीला लागून राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो.

फ्रान्सने २०१७ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी १०२ 'ए'सोबत ११८ 'सी' अशी दुसरी मर्यादाही घातली, दोन्ही १५ मिनिटांच्या सरासरीवर. आपल्या नियमांत 'सी'चा असा आकडा नाही.